सतरा नंबरचा फॉर्म आणि इतिहासाच्या जुन्या प्रश्नपत्रिका

मार्च 2025 मध्ये मी बाहेरून दहावीची परीक्षा दिली. म्हणजे 17 नंबरचा फॉर्म भरून, खाजगी विद्यार्थी म्हणून. माझी शाळा नववीत सुटली, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. निकाल लागल्यापासून ओळखीच्या-बिनओळखीच्या बायका विचारतात, गणिताचं काय केलंस, इंग्रजीचं काय केलंस? इतिहासाचं कुणी विचारत नाही. इतिहास काय, वाचला की झालं, असंच सगळ्यांना वाटतं. पुस्तक हातात आल्यावर त्यांचं हे मत किती टिकेल ते मला माहीत आहे, म्हणून आधी इतिहासाचंच लिहिते. गणिताचं रडगाणं नंतर कधीतरी.

पण फॉर्मचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण निम्म्याजणी तिथूनच मागे फिरतात. मी कराडला राहते, शिवणकामाचं छोटं दुकान आहे. आमचा सातारा जिल्हा बोर्डाच्या कोल्हापूर विभागात येतो. 17 नंबरचा फॉर्म हल्ली ऑनलाइनच भरायचा असतो आणि तो पावसाळ्यात सुरू होतो. ज्यांना पुढच्या फेब्रुवारी-मार्चला बसायचंय, त्यांनी जुलैपासून बोर्डाच्या संकेतस्थळावर नजर ठेवावी. दिवाळीनंतर जागं होऊन उपयोग नाही, मग विलंब शुल्काच्या भानगडीत पडावं लागतं. लागतं काय, तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो, चालू असलेला मोबाइल नंबर आणि ईमेल. माझ्या वेळी नोंदणीचे 1000 रुपये आणि प्रक्रिया शुल्काचे 100 होते, तेही ऑनलाइनच. परीक्षेची फी वेगळी, ती हिवाळ्यात शाळेमार्फत परीक्षेचा फॉर्म भरताना जाते.

माझं अडलं ते दाखल्यावर. माहेरच्या गावच्या शाळेत गेले, तर जुनं जनरल रजिस्टर ज्या कपाटात, त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. परत यायचं, परत जायचं, मध्ये एक दिवसाचं काम बुडवायचं. दाखला मिळाला तो माहेरच्या नावाचा. आधार कार्डावर सासरचं नाव. सायबर कॅफेतला मुलगा म्हणाला, काकू, हे जुळत नाही. संपर्क केंद्र म्हणून, म्हणजे कागद जमा करायला, जी शाळा निवडली होती तिथल्या क्लार्कनी मात्र शांतपणे सांगितलं, दाखल्यावर जे नाव तेच फॉर्मवर घालायचं, विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा. तुमचंही असंच असेल तर घाबरू नका, पण फॉर्म पाठवण्याआधी ज्या शाळेत कागद जमा करणार तिथं एकदा विचारून या. आणि मूळ दाखला हातातून सोडण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. जन्मतारीख, आईचं नाव, विषय आणि माध्यम हे दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आपण स्वतः भरलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

आणखी एक, जे मला उशिरा कळलं. इतिहास-राज्यशास्त्र 40 गुणांचं, भूगोल 40 गुणांचा आणि उरलेले 20 गुण शाळेकडे, अंतर्गत मूल्यमापनाचे. बाहेरून बसणाऱ्यांनाही ते संपर्क केंद्राच्या शाळेतच पूर्ण करायचं असतं. त्या शाळेचा फोन नंबर जवळ ठेवा आणि दिवाळीनंतर अधूनमधून विचारत राहा. आपण त्यांच्या हजेरीपटावर रोज दिसत नाही, त्यामुळे आपली आठवण आपणच करून द्यायची.

आता पुस्तकाकडे. माझ्या डोक्यात इतिहास म्हणजे अफजलखान, आग्र्याहून सुटका, पानिपत, झाशीची राणी. ऑगस्टमध्ये लेकीचं पुस्तक उघडलं (ती 2024 ला दहावी झाली) आणि पहिल्याच धड्यात रेने देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, मायकेल फुको असे सगळे एका रांगेत उभे! धड्याचं नाव 'इतिहासलेखन : पाश्चात्य परंपरा'. दोनदा वाचला, काही हाती लागलं नाही. लेक म्हणाली, "आई, दहावीचा इतिहास म्हणजे लढाया नाहीत गं. इतिहास लिहितात कसा, जपतात कसा, ते आहे." तेव्हा पुस्तक मागून पुढे चाळलं. वृत्तपत्रं, नाटक-सिनेमा, खेळ आणि खेळणी, पर्यटन, संग्रहालयं. हे जरा ओळखीचं वाटलं. नऊ धडे इतिहासाचे, पाच राज्यशास्त्राचे. पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते, पण मोबाइलवर वाचून माझे डोळे दुखायचे. शिवाय पुस्तकाच्या समासात पेन्सिल चालवता येते, मोबाइलवर कुठं चालवणार?

जुन्या प्रश्नपत्रिकांची कल्पना लेकीची. तिच्या फाइलमध्ये काही होत्या, बाकीच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळाल्या. दोन रुपयाला पान, त्यामुळे खर्च फार नाही. पण दुकानदार जे गठ्ठ्यानं देईल ते घेऊ नका. आत्ताचं पुस्तक 2018 ला आलं, त्यावरची पहिली परीक्षा मार्च 2019 ची. त्याआधीच्या प्रश्नपत्रिकांत महायुद्धं आणि साम्राज्यवाद विचारलेत, ते आता अभ्यासक्रमातच नाही. मला अशाही दोन मिळाल्या होत्या, त्या कागदांची मी ब्लाउजची मापं काढायला कटिंग केली. मार्च 2021 ची शोधत बसू नका, करोनामुळे त्या वर्षी परीक्षा रद्द झाली होती. 2022 ची मिळेल, पण त्या वर्षी अभ्यासक्रम एक चतुर्थांश कमी केलेला होता, त्यामुळे काही भाग तिच्यात दिसणारच नाहीत. ते पाहून 'हा धडा येत नाही' असं ठरवणं धोक्याचं. मला उरल्या त्या 2019, 2020, 2023, 2024 च्या मार्चच्या आणि त्यांच्याबरोबर पुरवणी परीक्षांच्या. पुरवणीच्या प्रश्नपत्रिका लोक वगळतात. का ते कळत नाही. साचा तोच असतो आणि प्रश्न वेगळे असतात, म्हणजे आपल्याला सरावाला फुकटची भर.

सुरुवातीला मी एकही प्रश्नपत्रिका सोडवली नाही, नुसत्या वाचल्या. रात्री दुकान बंद झाल्यावर एक काढायची, प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीनं धड्याचा नंबर घालायचा. काही दिवसांत दोन गोष्टी दिसायला लागल्या. एक म्हणजे बरेचसे प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायांतूनच उचललेले असतात, कधी जसेच्या तसे, कधी थोडे फिरवून. दुसरी म्हणजे साचा पक्का आहे. पहिल्या प्रश्नात पर्याय निवडा आणि चुकीची जोडी, तीन-तीन गुण. दुसऱ्यात तक्ता किंवा संकल्पनाचित्र आणि टिपा, चार-चार. मग सकारण स्पष्ट करा, चार. उतारा, चार. सविस्तर उत्तरं, सहा. झाले 28. पुढचे 12 राज्यशास्त्राचे : पर्याय, चूक की बरोबर ते सकारण, संकल्पना, कृती आणि एक थोडक्यात उत्तर. हे मी एका पुठ्ठ्यावर लिहून शिलाई मशीनच्या समोर भिंतीला लावलं. तोंडपाठ करावं लागलं नाही, टीप मारता मारता झालं.

बाजारात अपेक्षित प्रश्नसंच मिळतात, दीडशे रुपयांच्या आसपास. मीही घेतला. 'हमखास येणारे प्रश्न' असं छापलेलं असतं, त्यावर विसंबून धडे सोडावेत असं मला वाटत नाही. त्यातली उत्तरंही पानपानभर असतात, दोन गुणांना कोण एवढं लिहिणार? मात्र त्यात सराव प्रश्नपत्रिका असतात, त्या कामाला आल्या.

खरा अभ्यास सुरू झाला तो बाईंमुळे. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी त्यांचे ब्लाउज शिवते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भीत भीत त्यांना विचारलं, उत्तरं तपासाल का. त्या म्हणाल्या, "आण की. पण पैसे घेणार नाहीस ना मग शिलाईचे?" असा आमचा व्यवहार ठरला.

पहिली वही नेली तीत मी 'खेळणी आणि इतिहास' अशी टीप लिहिली होती आणि त्याखाली खेळण्यांवरून इतिहास कळतो अशा अर्थाचं विधान सकारण स्पष्ट केलं होतं. दोन्हीकडे मजकूर जवळपास एकच. बाईंनी चष्मा वर केला. "हे सगळं बरोबर आहे गं. पण विचारलंय काय?"

मग त्यांनी समोर बसवून दाखवलं. मुद्दे तेच : उत्खननात मिळणारी मातीची खेळणी, शूद्रकाचं 'मृच्छकटिक' नाटक, ज्याच्या नावातच मातीची गाडी आहे, इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात सापडलेली भारतीय बनावटीची हस्तिदंती बाहुली, आपल्याकडं दिवाळीत पोरं करतात ते किल्ले. टीप असेल तर हे मुद्दे ओळीनं मांडले की काम झालं, खेळण्यांबद्दल माहिती हवी आहे, ती दिली. पण सकारण असेल तर 'का?' हा प्रश्न आहे. बाहुली पाँपेईला सापडली, एवढं सांगून भागत नाही. ती भारतीय बनावटीची आहे आणि पहिल्या शतकातली असावी, म्हणजे त्या काळी भारत आणि रोम यांचे संबंध होते असं अनुमान काढता येतं, म्हणजे खेळण्यावरून इतिहास कळला. हा 'म्हणजे' लिहिला नाही तर गुण कापला जातो. कापड एकच, पण परकर शिवायचा की ब्लाउज ते आधी ठरल्याशिवाय कात्री लावायची नाही, इतकं ते सोपं आहे. त्या संध्याकाळनंतर मी प्रत्येक उत्तराच्या आधी कच्च्या कागदावर एकच शब्द लिहायला लागले : 'माहिती' किंवा 'कारण'. सविस्तर उत्तर असेल तर 'दोन्ही'.

लोक जुन्या प्रश्नपत्रिका यंदा काय येईल ते ताडायला वापरतात. तो जुगार आहे. त्यांचा उपयोग प्रश्न मागतोय काय आणि किती ते कळायला होतो. धडा पुस्तकातूनच वाचावा लागतो, त्याला पर्याय नाही. पण नुसतं पुस्तक वाचून दोन गुणांना किती ओळी पुरतात हे कळत नाही. बाईंचा हिशोब होता, दोन गुणांना दोन ठसठशीत मुद्दे, जमलं तर एक उदाहरण. तीन गुणांना चार मुद्दे, वेगवेगळ्या ओळींवर. तपासणाऱ्यापुढं गठ्ठा असतो, त्याला शोधायला लावू नका.

मग दिवाळी आली. शिवणकाम करणाऱ्या बाईला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अभ्यास सांगू नये. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीपर्यंत दुकान चालू होतं, त्यानंतर तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई. वही उघडली नाही. या काळात नेमानं एकच गोष्ट चालू ठेवली, ती म्हणजे चुकीची जोडी. कारण ती हात गुंतलेले असताना होते. लेक संच वाचायची, मी उत्तर द्यायची.

"प्रभाकर, आचार्य अत्रे. दर्पण, बाळशास्त्री जांभेकर. दीनबंधु, कृष्णराव भालेकर. केसरी, बाळ गंगाधर टिळक."

"अत्रे चुकीचे."

"मग प्रभाकर कुणाचं?"

"भाऊ महाजन."

"आणि अत्र्यांचं?"

"मराठा. आता ते हुक दे इकडं."

नुसती चुकीची जोडी ओळखून सोडून दिली तर एक गोष्ट कळते. ती दुरुस्त केली आणि चुकलेल्या माणसाचं खरं ठिकाणही सांगितलं तर चार-पाच गोष्टी पक्क्या होतात, आणि एका गुणाच्या प्रश्नातून टिपेचा मालही मिळतो. 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं, हिकीचं बेंगॉल गॅझेट त्याआधी 1780 ला, हे मी असंच पाठ केलं. परीक्षेत सूचना मात्र नीट वाचा, जोडी नुसती ओळखायची आहे की दुरुस्त करून लिहायची आहे.

पहिल्या धड्यातल्या परदेशी मंडळींसाठी वेगळा इलाज करावा लागला. एक तक्ता केला : नाव, देश, ग्रंथ आणि त्यानं काय वेगळं सांगितलं ते एका ओळीत, माझ्या शब्दांत. रांकेसमोर लिहिलं, 'ऐकीव नको, मूळ कागद दाखव'. आमच्या संपर्क शाळेच्या क्लार्कसारखाच हा माणूस, असं डोक्यात बसलं आणि मग विसरला नाही. व्हॉल्टेअरसमोर, 'नुसत्या लढाया नकोत, लोक कसे जगत होते तेही सांगा'. त्याला आधुनिक इतिहासलेखनाचा जनक म्हणतात, हा पर्यायाचा प्रश्न फार लाडका आहे. स्त्रीवादी लेखनाच्या भागात सीमाँ द बोव्हा, आणि दुसऱ्या धड्यात आपल्या ताराबाई शिंदे. 1882 सालचं 'स्त्रीपुरुष तुलना'. हे वाचून मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. बुलढाण्याची बाई, तेव्हा! नववीत शाळा सोडताना माझ्याकडून कुणी एक ओळ लिहून मागितली असती तर काय लिहिलं असतं कोण जाणे.

राज्यशास्त्राचे 12 गुण मुलं शेवटच्या दिवसावर ढकलतात असं लेक म्हणाली. मला ते उलट सोपे गेले, कारण त्यातलं बरंचसं आपल्या अंगावरून गेलेलं असतं. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. त्या आठवड्यात मी 'निवडणूक प्रक्रिया' वाचला. आचारसंहिता, मतदारयाद्या, मतदान यंत्र, सगळं बाहेर गल्लीत चालू होतं. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, एवढं वेगळं पाठ करावं लागलं. मतदाराचं वय 21 वरून 18 झालं, स्थानिक संस्थांत महिलांना राखीव जागा मिळाल्या, 2005 ला माहितीचा अधिकार आला, हे जुन्या प्रश्नपत्रिकांत वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटतं. 'चूक की बरोबर' मध्ये एक लक्षात ठेवा. नुसतं 'हे विधान बरोबर आहे' लिहून थांबलात तर पुढचं कारण राहून जातं, आणि गुणांचा मोठा भाग कारणालाच आहे.

डिसेंबरपासून पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला लागले. आणि इथं वेगळीच अडचण निघाली, हात. इतक्या वर्षांत मापाच्या वहीत आकडे आणि गिऱ्हाइकांची नावं यापलीकडं काही लिहिलं नव्हतं. अर्ध्या तासात अंगठा दुखायला लागायचा, अक्षर वाकडं व्हायचं. दोन तासांचा पेपर, 40 गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. उताऱ्याला बारा, सविस्तर उत्तरांना अठरा. मला सविस्तरला अर्धा तास लागत होता. बाईंनी सांगितलं, रोज एक पान उतरवून काढ, वर्तमानपत्रातलं काही का असेना. ते कंटाळवाणं काम होतं, पण जानेवारीअखेर हात बसला. पेन जाड पकडीचं घ्या, महाग नको, दहा-वीस रुपयांचं चालतं, पण ज्यानं सराव केला त्याच जातीची तीन-चार परीक्षेला न्या.

उताऱ्याबद्दलही थोडं. त्यात तीन प्रश्न असतात. पहिल्या दोघांची उत्तरं उताऱ्यात समोर असतात, तिसरा दोन गुणांचा, तो आपल्या ज्ञानावर किंवा मतावर. मी आधी प्रश्न वाचायची, मग उतारा. बारा मिनिटांचं काम आठात व्हायला लागलं, आणि ती वाचलेली मिनिटं सविस्तरला दिली.

जानेवारीत शाळांच्या पूर्वपरीक्षा होतात. मला बसता आलं नाही, पण शेजारपाजारच्या पोरांकडून तीन-चार शाळांच्या प्रिलिमच्या प्रश्नपत्रिका मागून आणल्या. बोर्डाच्या संपल्यावर याच सगळ्यात चांगल्या. शिक्षकांनी मुद्दाम आडवळणाचे प्रश्न काढलेले असतात. फेब्रुवारीत दर रविवारी सकाळी 11 ला, म्हणजे पेपरच्याच वेळेला, दुकानाचं शटर अर्धं ओढून बसायची. पहिल्या रविवारी एक बाई वाकून आत आल्या आणि फॉल-बिडिंगचं विचारत उभ्या राहिल्या. तेही बरंच झालं, लक्ष विचलित झाल्यावर पुन्हा लागायला किती वेळ जातो ते कळलं.

हॉलतिकीट संपर्क शाळेतून मिळालं. त्यावर माझं माहेरचं नाव. घेतल्या घेतल्या फोटो, नाव, विषय तपासा आणि दोन झेरॉक्स काढा. परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली. इतिहास 15 मार्चला, शनिवारी, आणि आदल्या दिवशी धुळवड. विज्ञानाचा दुसरा पेपर 12 ला संपला होता, म्हणजे मध्ये दोन दिवस, त्यात होळीचा स्वयंपाक आणि पाहुणे. नवीन काही वाचायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. फक्त तो तक्ता, बाईंनी लाल केलेल्या वह्या आणि प्रश्नपत्रिकांवरच्या पेन्सिलीच्या खुणा. पुरणपोळ्या लाटता लाटता लेकीनं शेवटच्या जोड्या विचारल्या.

केंद्रावर साडेदहापर्यंत पोचायचं. वर्गातल्या निम्म्या पोरांचे कान गुलाबी होते. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला देत, ते 2023 पासून बंद झालं, त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. पेपर 11 ते 1 वाजून 10 मिनिटं. उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर, बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात, पर्यवेक्षकांची सही. या लिखापढीत घाई करू नका, इथं माझा हात सगळ्यात जास्त थरथरला. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पोटातला गोळा कमी झाला, कारण चेहरा ओळखीचा होता. कोणते प्रश्न आले ते आता कुठंही मिळेल, ते लिहीत नाही. क्रम मात्र सांगते : पहिले चार प्रश्न, मग उडी मारून राज्यशास्त्र संपवलं आणि सविस्तर उत्तरं शेवटी. प्रत्येक मोठा प्रश्न नव्या पानावर. उडी मारायची तर प्रश्न क्रमांक ठळक घाला, मी शेवटच्या दहा मिनिटांत फक्त क्रमांकच तपासले. पुरवणी घेतली, ती दोऱ्यानं बांधायची असते. पलीकडच्या बाकावरच्या पोराला गाठ जमेना, पर्यवेक्षक बाईंनी मला विचारलं, तुम्ही बांधून देता का? दिली.

निकाल 13 मे ला दुपारी 1 ला ऑनलाइन लागला. संकेतस्थळ उघडेना, मशीन बंद करून मी आणि लेक दोघी दोन मोबाइल घेऊन बसलो, सव्वादोनला उघडलं. पास झाले. सामाजिक शास्त्रात शंभरपैकी एकसष्ट, त्यात इतिहासाचे किती आणि भूगोलाचे किती ते वेगळं कळत नाही. गुणांबद्दल शंका असेल तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत पैसे भरून मागवता येते, गुणपडताळणी वेगळी, पुनर्मूल्यांकन वेगळं, आणि तिन्हीला मुदत असते. मला गरज वाटली नाही. गुणपत्रिका काही दिवसांनी संपर्क शाळेतून सही करून आणली. तीही माहेरच्या नावाची, त्यामुळे पुढं अकरावीच्या प्रवेशाला पुन्हा विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडावी लागली. ते एक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताशीच ठेवा.

सगळ्या प्रश्नपत्रिकांची फाइल आहे माझ्याकडे, इतिहासाची आणि भूगोलाची. कराडात असाल तर दुकानात या आणि झेरॉक्स काढून परत आणून द्या. फक्त मार्च 2020 ची भूगोलाची मागू नका. त्या वर्षी इतिहासाचा पेपर झाला आणि भूगोलाचा लॉकडाऊनच्या तोंडावर रद्द झाला, त्यामुळे ती कुणाच्याच फाइलमध्ये सापडायची नाही.